कौम, पेशा, साकीन : नागपूरकडच्या जुन्या नोंदी वाचण्यापूर्वी

१७ फेब्रुवारी १८८१ च्या रात्री हिंदुस्थानभर एकाच वेळी माणसे मोजली गेली. नागपूर शहराची मोजदाद भरली ९८,२९९. महालातले वाडे, इतवारीतल्या पेढ्या, विणकरांच्या पेठा, चार वर्षांपूर्वी सुरू झालेल्या एम्प्रेस मिलच्या आसपासच्या वस्त्या, सीताबर्डीपलीकडचे साहेबांचे बंगले, सगळीकडे कुणीतरी गेले आणि नाव, वय, जात, धंदा, जन्माचे ठिकाण विचारून लिहून घेतले. त्या कागदांत आपल्या खापरपणजोबांचे नाव शोधायला निघालेल्या माणसाला सर्वांत आधी हे सांगावे लागते की ते कागद आता नाहीत.

इंग्लंडातल्या माणसाला हे ऐकावे लागत नाही. तिथे गणनेची घरोघरची पाने जपून ठेवली जातात आणि शंभर वर्षे लोटली की खुली होतात. १९२१ ची पाने जानेवारी २०२२ मध्ये लोकांच्या हाती आली. अमेरिकेत हीच मुदत ७२ वर्षांची आहे. आपल्याकडच्या सरकारला बेरजा हव्या होत्या, माणसांची नावे नव्हे. १९०१ पासून प्रत्येक माणसाची माहिती एका लहानशा चिठ्ठीवर उतरवून घेण्याची पद्धत आली. चिठ्ठीच्या रंगावरून धर्म ओळखायचा, छापील खुणेवरून स्त्री की पुरुष, विवाहित की अविवाहित हे ओळखायचे, गठ्ठे लावायचे, मोजायचे, तक्ते भरायचे आणि काम संपले की कागद निकालात काढायचा. पुढे १९४८ च्या जनगणना कायद्याच्या १५ व्या कलमाने व्यक्तीची माहिती गोपनीय ठरवली. ती कुणाला पाहता येत नाही आणि दिवाणी दाव्यात पुरावा म्हणूनही चालत नाही.

एक अपवाद आहे आणि तो फार मोलाचा आहे. १९५१ च्या गणनेच्या वेळी चिठ्ठ्यांवरची माहिती गावागावाच्या वहीत नावानिशी उतरवून घेतली गेली. तिला राष्ट्रीय नागरिक नोंदवही म्हणतात. ही वही सगळीकडे टिकलेली नाही, पण जिथे टिकली तिथे घरातली माणसे ओळीने भेटतात. २०२३ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या समितीने कुणबी नोंदी शोधायला सुरुवात केली, तेव्हा पाहायच्या कागदांच्या यादीत हीही वही होती. महसुलाचे खासरा पत्रक, शाळांचे प्रवेश-निर्गम, तुरुंगातल्या कच्च्या कैद्यांची नोंदवही, अबकारी खात्यातल्या ताडीच्या परवान्यांच्या वह्या असे कितीतरी कागद त्या यादीत होते. आपल्या प्रदेशात सामान्य माणसाचा इतिहास कुठे कुठे विखुरला आहे, हे त्या यादीइतके स्पष्ट क्वचितच कुणी सांगितले असेल.

नागपूर, भंडारा, वर्धा, चांदा या भागात शोधणाऱ्याचा पहिला आधार म्हणजे कोतवाल बुक. गावात कोण जन्मले, कोण मेले, हे गावच्या कोतवालाने सांगायचे आणि वहीत चढायचे. दुसरा आधार प्राथमिक शाळेचे दाखल-खारीज रजिस्टर. तिसरा बंदोबस्ताच्या, म्हणजे जमीन-महसूल आकारणीच्या, मिसली आणि १९५० नंतरचा अधिकार अभिलेख. नक्कल काढायला येणारा बहुतेक माणूस जात पडताळणीसाठी येतो. अनुसूचित जाती-जमातींना १९५० पूर्वीचा, विमुक्त-भटक्यांना १९६१ पूर्वीचा आणि इतर मागासवर्गीयांना १९६७ पूर्वीचा पुरावा लागतो, म्हणून या तीन सालांच्या अलीकडे-पलीकडे अर्जदारांची सगळी धावपळ चाललेली असते. त्यात गैर काही नाही. माझे म्हणणे एवढेच आहे की दाखल्यासाठी काढलेली नक्कल फाइलला लागल्यावर तो कागद संपत नाही. त्यावरच्या कौम (जात), पेशा (धंदा), साकीन (राहण्याचे गाव) अशा पाच-सात शब्दांत एक माणूस आहे, आणि ते शब्द नीट वाचता आले तरच तो भेटतो.

अडचण त्या शब्दांचीच आहे. ते आपल्याला ओळखीचे वाटतात आणि म्हणूनच फसवतात. ‘कोतवाल’ हाच शब्द घ्या. भोसल्यांच्या नागपुरात कोतवाल म्हणजे शहराच्या बंदोबस्ताचा मोठा अंमलदार. महालातली कोतवाली अजून त्याच नावाने ओळखली जाते. खेड्यातला कोतवाल म्हणजे रात्री गस्त घालणारा, सरकारी निरोप पोचवणारा, रयतेकडून धान्याचा हक्क घेणारा गावचाकर. तिसरीकडे ‘कोतवाल’ हे नुसते आडनाव असते आणि त्या घरात दोन-तीन पिढ्यांत कुणी कोतवालकी केलेली नसते. कागदावर अक्षरे तीच. यातला कोणता कोतवाल आपला, हे कागद कुठला, सालाचा आकडा काय आणि शब्द कोणत्या रकान्यात पडला आहे, यावरून ठरते.

गावच्या कोतवालाकडे आणखी थोडा वेळ थांबावेसे वाटते, कारण आपल्या हातातल्या असंख्य नोंदी त्याच्या तोंडून आलेल्या आहेत. नागपूरकडे तो बहुधा महार समाजातला असे. त्याला स्वतःला लिहिता येत नसे, म्हणून वही त्याच्याकडे असली तरी लेखणी दुसऱ्याच्या हातात असे. पटवारी, शाळामास्तर, मालगुजाराचा कारकून, जो हाताशी असेल तो लिहून देई. मग ठरलेल्या दिवशी कोतवाल वही घेऊन ठाण्यावर जाई आणि तिथला मोहरीर (लेखनिक) ती माहिती ठाण्याच्या रजिस्टरात उतरवून घेई. म्हणजे घरात जे घडले ते आधी कोतवालाच्या स्मरणात, मग गावच्या लेखणीत, मग ठाण्याच्या लेखणीत. तीन ठिकाणी शब्द बदलायला वाव होता. ज्या समाजातल्या मुलांना शाळेत बाहेर बसवले जाई, त्याच समाजातल्या माणसाच्या स्मरणावर आज गावोगावच्या सर्व जातींच्या वंशावळी उभ्या आहेत. ही गोष्ट प्रत्येक वाचकाने मनात ठेवावी अशी माझी मनापासून इच्छा आहे.

या लेखण्यांनी काय केले ते नावांच्या रकान्यात सर्वांत ठळक दिसते. एका घरचा गणपती ‘गणपतराव’ म्हणून लिहिला जातो, दुसऱ्या घरचा ‘गणप्या’ म्हणून. दोघांच्याही आईबापांनी नाव गणपतीच ठेवलेले असते. ‘महाद्या’, ‘पांड्या’, ‘सोम्या’ ही त्या माणसांची नावे नव्हेत. लिहिणाऱ्याने त्यांना कुठे उभे केले होते त्याची ती खूण आहे. वंशावळ लिहिताना मूळ नोंदीतले रूप जसेच्या तसे द्यावे, पण शेजारी पूर्ण नाव लिहावे आणि घरात बोलताना तेच वापरावे. ‘दगडू’, ‘धोंडू’, ‘केरू’ यांचे प्रकरण मात्र निराळे. आधीची मुले दगावलेल्या घरात मुद्दाम ठेवलेली ही नावे आहेत. असे नाव दिसले की त्याच बापाच्या नावावर आधीच्या पाच-सात वर्षांत मृत्यूच्या नोंदी शोधाव्यात. बऱ्याचदा त्या सापडतात.

जातीच्या रकान्यात गुंता सर्वांत दाट आहे. ‘कुणबी’ हा शब्द जात म्हणूनही लिहिला गेला आणि नुसता शेतकरी या अर्थानेही. नागपूर-भंडाऱ्याकडे त्याच्या आत तिरोळे, बावणे, खैरे, धनोजे, घाटोळे, झाडे अशा पोटजाती आहेत आणि नोंद करणारा कधी पोटजात लिहितो, कधी नाही. यातले ‘झाडे’ तर तीन अर्थांनी येते. कुणब्यांची पोटजात, झाडीपट्टीत राहणारा कोणीही, आणि आडनाव. ‘पवार’ याहून अवघड. वैनगंगेच्या खोऱ्यात, गोंदिया-बालाघाटकडे पोवार ही स्वतंत्र जात आहे. मराठ्यांत पवार हे कुळ आहे. पारध्यांतही पवार आडनाव आहे. वर्धा-बैतूल-छिंदवाडा पट्ट्यात भोयर जात आहे, तर इतर जातींत ते आडनाव म्हणून आढळते. अशा वेळी एकट्या नोंदीवर विसंबू नये. भावांच्या, चुलत्यांच्या, सासुरवाडीच्या नोंदी शेजारी ठेवाव्यात. लग्ने कुणाशी झाली हे पाहिले की बहुतेक वेळा उत्तर मिळते, कारण रकाना भरणाऱ्याचा हात चुकला तरी सोयरीक जुळवणारे सहसा चुकत नसत.

याच्या जोडीला लोकांनी स्वतःहून बदललेली नावे आहेत. १९०१ पासून गणनेत जातींच्या मानपानाची चर्चा सुरू झाली आणि पुढच्या प्रत्येक गणनेआधी जातीजातींच्या सभा अर्ज करू लागल्या. कलार समाजाने हैहय क्षत्रिय म्हणवून घ्यायला सुरुवात केली. इतर अनेकांनी आपापली नवी नावे पुढे केली. याकडे कुणी खोटेपणा म्हणून पाहू नये. ज्याला शतकानुशतके दुसऱ्यांनी दिलेल्या नावाने हाक मारली गेली, त्याने आपले नाव आपण सांगायचे ठरवले, तर त्या दिवसाची तारीख वंशावळीत नोंदवण्यासारखी आहे. १९३१ ची गणना ही सर्व जातींचे तक्ते छापणारी शेवटची. १९४१ मध्ये युद्धाच्या खर्चामुळे ते तक्ते निघाले नाहीत आणि स्वतंत्र भारताने अनुसूचित जाती-जमाती सोडून बाकीच्यांची जात मोजणे थांबवले.

नागपुरात एका शब्दाचा अर्थ लावणे किती जड जाऊ शकते, याची दोन उदाहरणे शहराच्या अंगावर कोरलेली आहेत. पहिले हलब्यांचे. ‘हलबा’ किंवा ‘हलबी’ ही बस्तर-कांकेरपासून चांदा-भंडाऱ्यापर्यंत पसरलेली, मुख्यतः शेती करणारी जमात. ‘हलबी’ हीच बस्तरकडची एक बोलीही. ग्रियर्सनने ती आपल्या भाषा-सर्वेक्षणात मराठीच्या खंडात घातली. आणि नागपूरच्या विणकर पेठांत ‘हलबा कोष्टी’ म्हणून ओळखली जाणारी मोठी वस्ती. जुन्या नोंदीत एखाद्या घरात ‘कोष्टी’ लिहिलेले असते, एखाद्यात ‘हलबा’, एखाद्यात दोन्ही. ‘कोष्टी’ ही जात की मागावर बसणाऱ्याचा धंदा, या प्रश्नावर पिढ्यांची शिक्षणे आणि नोकऱ्या अडल्या. २८ नोव्हेंबर २००० रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने मिलिंद प्रकरणात निकाल दिला की राष्ट्रपतींच्या आदेशातल्या अनुसूचित जमातींच्या यादीत शब्द जसा आहे तसाच वाचायचा. हलबा कोष्टी हे त्यातल्या हलब्यांत येतात का, याची चौकशी करून यादी रुंद करता येणार नाही. हा कायद्याचा निर्णय झाला. विणकर पेठेतल्या एखाद्या घराने आपल्या पणजोबांविषयी काय जाणून घ्यावे, हा प्रश्न त्याने मिटत नाही, आणि तो न्यायालयापुढे नव्हताही. घरच्या माणसाने प्रत्येक नोंद तारखेसह मांडावी. कोणत्या साली कुणी काय लिहिले, विणकाम कधीपासून, गाव सोडून शहरात कधी आले. मग जे दिसेल ते मान्य करावे, सोयीचे नसले तरी.

दुसरे उदाहरण गोवाऱ्यांचे. गोवारी म्हणजे गुरे राखणारा समाज. अनुसूचित जमातींच्या यादीत नाव आहे ‘गोंड गोवारी’. हे दोन शब्द एकाच समाजाचे नाव आहेत की गोवारी वेगळे आणि गोंड गोवारी वेगळे? गोवाऱ्यांनाही त्या यादीत धरावे या मागणीसाठी २३ नोव्हेंबर १९९४ रोजी नागपूर विधानभवनावर मोर्चा आला आणि चेंगराचेंगरीत ११४ गोवारी बांधव, त्यातही बायका आणि मुले मोठ्या संख्येने, मरण पावले. झिरो माइलजवळ त्यांचे स्मारक आहे आणि सीताबर्डीच्या उड्डाणपुलाला त्यांचे नाव आहे. १४ ऑगस्ट २०१८ रोजी उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने गोवारी हीच ती जमात असे म्हटले. १८ डिसेंबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते फिरवले आणि गोंड गोवारी ही गोंडांची पोटजमात, गोवारी निराळे, असा अर्थ लावला. उड्डाणपुलाखालून जाताना मला दर वेळी वाटते की जुन्या यादीतल्या दोन शब्दांमधल्या मोकळ्या जागेबद्दल इतक्या माणसांनी इतकी किंमत मोजली, तर त्या शब्दांकडे आपण वरवर पाहून कसे चालेल? ‘धनगर’ आणि यादीतला ‘धनगड’ यांचा वाद तर एका अक्षराचा आहे.

धर्माचा रकाना तुलनेने सोपा, पण तिथेही दोन वळणे आहेत. गोंड घराची नोंद एका कागदात हिंदू म्हणून आणि दुसऱ्यात तसे न म्हणता असू शकते, कारण त्या काळच्या गणनेत निसर्गपूजक जमातींसाठी वेगळा वर्ग होता आणि कुणाला कुठे टाकायचे हे बरेचसे मोजणाऱ्यावर अवलंबून असे. दुसरे वळण नागपूरनेच देशाला दिलेले. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी दीक्षाभूमीवर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आणि त्यांच्या लाखो अनुयायांनी बौद्ध धम्म स्वीकारला. १९५१ मध्ये आजच्या महाराष्ट्राच्या भागात बौद्धांची संख्या काही हजारांच्या पुढे नव्हती. १९६१ मध्ये ती सुमारे २७ लाख ९० हजार झाली. त्यामुळे बापाच्या नोंदीत ‘हिंदू महार’, थोरल्या मुलाच्या शाळेच्या दाखल्यात ‘महार’, धाकट्याच्या दाखल्यात ‘बौद्ध’ किंवा ‘नवबौद्ध’ असे एकाच घरात आढळते. ही वेगवेगळी घरे नव्हेत. शाळेत नाव घालण्याची तारीख ऑक्टोबर १९५६ च्या आधीची की नंतरची, एवढे पाहिले की उलगडा होतो.

पेशाच्या रकान्यात सर्वांत जास्त गल्लत ‘मालगुजार’ या शब्दाने होते. भोसल्यांच्या काळात गावचा वसूल गोळा करणारा तो पटेल. १८६० च्या दशकातल्या बंदोबस्तात इंग्रजांनी अशा अनेक पटेलांना गावाची मालकी दिली आणि तेच घराणे मालगुजार झाले. म्हणजे आधीच्या कागदात पटेल आणि नंतरच्या कागदात मालगुजार दिसला, तर कुणी बाहेरचा आला असे समजू नये. शिवाय मालकी आण्या-पैच्या हिश्श्यांनी वाटलेली असे. सोळा आण्यांतला दोन आण्यांचा हिस्सेदारही कागदावर मालगुजारच. ‘मालिक मकबूजा’ म्हणजे गावाचा नव्हे, आपल्या तुकड्यापुरता मालक. ‘मौरूसी’ म्हणजे सहजी न हटवता येणारे कूळ. ‘शिकमी’ म्हणजे कुळाचे कूळ. हे दर्जे १९५१ मध्ये मालगुजारी संपली तेव्हा नव्याने लिहिले गेले, म्हणून १९५० च्या दशकातला अधिकार अभिलेख जुन्या मिसलीशी जुळवून पाहावा. ‘मजुरी’ आणि ‘चाकरी’ यांतही फरक आहे. चाकर म्हणजे सालावर बांधलेला सालदार, मजूर रोजाचा. बायकांच्या नावापुढे मात्र बहुतेक वेळा काहीच नसते. निंदण, कापणी, सरकी काढणे, मागावर कांड्या भरणे हे सगळे करूनही ती ‘आश्रित’.

वयाबद्दल थोडक्यात. पन्नास, साठ, पंच्याहत्तर असे आकडे दिसले की ते अंदाजाचे धरावेत. १९३१ च्या गणनेत तर पुरे झालेले वय न विचारता जवळच्या वाढदिवसाचे वय विचारले होते. शाळेतली १ जून किंवा १ जुलैची जन्मतारीख ही मास्तरांनी घातलेली तारीख असते. ‘मानमोडीच्या साली’ असे घरात सांगत असतील तर तो १९१८ चा इन्फ्लुएंझा, आणि ही आठवण कागदावरच्या वयापेक्षा जास्त खात्रीची. फसली सन आले तर सावध राहावे. दख्खनी फसलीत ५९० किंवा ५९१ मिळवायचे, उत्तरेकडच्या फसलीत ५९२ किंवा ५९३, आणि नागपूर हे दोन्ही वळणांच्या सीमेवर आहे. मृत्यूच्या कारणात ‘ताप’ लिहिले असेल तर त्यातून निदान काढू नये. पटकी, देवी, प्लेग, हगवण, जखम अशी ठराविक नावे सोडली की उरलेले बहुतेक मरण तापाखाली जाई. हिवतापही, फुप्फुसाचा दाहही, क्षयही.

मोडी लिपीची एक अडचण सांगितली पाहिजे. मोडीत ऱ्हस्व-दीर्घ इकार-उकार वेगळे दाखवत नाहीत आणि घाईच्या लेखणीत द-ध सारखेच दिसू शकतात. नागपूर-वऱ्हाडात ‘विदुर’ नावाची एक जात आहे, आणि ‘विधुर’ म्हणजे बायको वारलेला पुरुष. एका शब्दाने जात ठरते, दुसऱ्याने घरची स्थिती. रकाना कोणता हे न पाहता लिप्यंतर केले तर एखाद्या घराला परकी जात चिकटते. मोडी वाचून देणाऱ्याकडून नुसते वाक्य घेऊ नये. रकान्यांच्या मथळ्यांसह पूर्ण ओळ मागून घ्यावी.

मग अर्थ पाहायचा कुठे? ज्या गणनेत आपला माणूस हरवला, तिचाच इथे उपयोग होतो. १९०१ च्या मध्य प्रांतातल्या गणनेचे प्रमुख आर. व्ही. रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांनी १९१६ मध्ये मध्य प्रांतातल्या जाती-जमातींवर चार खंड प्रसिद्ध केले. पहिल्या खंडात लहान जाती, पोटजाती, पदव्या आणि कुळांच्या नावांची मोठी सूची आहे. एका नावाला किती जागा असू शकतात हे तिथे एका नजरेत कळते. त्या खंडांतली मते मात्र आज स्वीकारण्याजोगी नाहीत. कुठल्याही समाजाची लायकी ठरवणारा साहेबी सूर बाजूला सारून फक्त ‘हा शब्द तेव्हा कुणासाठी वापरत’ एवढेच त्यातून घ्यावे. गणनेच्या अहवालांचा दुसरा उपयोग व्याख्यांचा. ‘साक्षर’ म्हणजे काय हे १९११ पासून ठरले, मित्राला पत्र लिहिता यावे आणि त्याचे उत्तर वाचता यावे. त्याआधीच्या कागदातला ‘शिकलेला’ कदाचित नुसती सही करणाराही असेल.

पुढच्या पानांतल्या शब्दसंग्रहाची रचना या सगळ्यावरून ठरली आहे. प्रत्येक शब्दाखाली तो कोणत्या प्रकारच्या कागदात येतो, कोणत्या रकान्यात येतो आणि सुमारे कोणत्या काळात येतो हे आधी दिले आहे, अर्थ त्यानंतर. दोन अर्थ शक्य असतील तिथे दोन्ही दिले आहेत आणि त्यांतला कोणता खरा हे ठरवण्यासाठी आणखी कोणता कागद पाहावा तेही सांगितले आहे. वाचकाला एक आग्रहाची विनंती आहे. वंशावळीत मूळ शब्द बदलून लिहू नका. ‘झाडे’ असेल तर ‘झाडे’च लिहा, आपला अर्थ कंसात लिहा आणि तो कधी लावला त्याची तारीख टाका. तुमच्यानंतर त्याच घरातले कुणी नवा कागद घेऊन येईल तेव्हा त्याला तुमचा तर्क आणि जुन्या लेखणीचा शब्द वेगवेगळे दिसले पाहिजेत.

बायकांच्या नोंदींसाठी वेगळे प्रकरण आहे, ते वगळून पुढे जाऊ नये. ‘वल्द’ म्हणजे अमक्याचा मुलगा, ‘जौजे’ म्हणजे अमक्याची बायको, ‘बेवा’ म्हणजे विधवा. या तीन शब्दांत पुरुषाला बाप मिळतो, बाईला फक्त नवरा. तिचा बाप, तिची आई, तिचे गाव या कागदातून गळून जाते. ‘पाटाची’ असे लिहिलेले असेल तर तो दुसरा विवाह, बहुतेक जातींत पूर्ण मान्य असलेला, आणि त्याचा अर्थ असा की तिच्या नावाची आधीच्या नवऱ्याच्या गावी दुसरी नोंद असण्याची शक्यता आहे. पहिल्या घरची मुलेही तिथेच सापडतात. जन्माच्या नोंदीत बाळाचे नाव बहुधा नसते, कारण बारसे व्हायच्या आधीच कोतवालाने खबर दिलेली असते. ‘मुलगा’ किंवा ‘मुलगी’, बापाचे नाव, जात, तारीख, बस्स.

आणि हे सगळे सापडते ते पुष्कळदा सासरच्या मौज्यात नव्हे. पहिले बाळंतपण माहेरी होई, म्हणून थोरल्या मुलाची नोंद आजोळच्या कोतवाल बुकात असते. सासरच्या गावची वही चार-चारदा उलटून निराश झालेल्यांना या एका गोष्टीने वाट सापडते. माहेरचे गाव कळले की आज ते कुठे मोडते तेही पाहावे लागते. वर्धा १८६२ मध्ये नागपुरातून वेगळा झाला, गडचिरोली १९८२ मध्ये चंद्रपुरातून (जुन्या कागदांतला चांदा), गोंदिया १९९९ मध्ये भंडाऱ्यातून. १९५६ पर्यंत नागपूर ही मध्य प्रदेशाची राजधानी होती, आणि त्या वेळी एकाच प्रांतात असलेली सोयऱ्यांची गावे आज दोन राज्यांत आहेत. माहेर सौंसरकडचे निघाले, तर तो भाग २०२३ मध्ये छिंदवाड्यातून काढून नव्या पांढुर्णा जिल्ह्यात घातला आहे. जुने रजिस्टर छिंदवाड्यालाच राहिले की नव्या कचेरीत गेले, हे आधी विचारून मगच निघावे आणि अर्ज हिंदीत लिहून न्यावा.